समुद्राला भोंगा नसतो

समुद्र बघून आल्याला आता पंधरवडा होत आला, तरी आमच्या रेल्वे क्वार्टरच्या ओळीतून मला कुणी सरळ जाऊ देत नाही. नळावर गेले की बाया विचारतात, "कसा हाय गं समुद्र? येलदरीच्या धरणाएवढा हाय का?" मी प्रत्येकीला वेगळं उत्तर देते, कारण एकच उत्तर दोनदा द्यायचा मला कंटाळा येतो. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे आहे, आणि पूर्णेत ते जवळपास सगळेच.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. खरंच आहे. जंक्शनच्या गावात वाढले मी. पाळण्यात असल्यापासून लांबच्या गावांची नावं कानावर पडलेली, आणि आपण मात्र फलाटाच्या अलीकडंच. अशा गावात एका जागी शांत बसायचं कसं, ते मला जमलं नाही. पप्पांना जमलं. पप्पा इथं पॉइंट्समन आहेत. आलेल्या गाडीला तिचा रूळ लावून द्यायचा आणि आपण घरी डबा खायला यायचं. खिशात रेल्वेचा पास, पण वर्षातून एकदा नागपूरला दीक्षाभूमीला गेले की त्यांचा प्रवास संपला. "गाडीचं काम जायचं, आपलं काम ऱ्हायचं," असं म्हणतात.

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा झाली आणि मला पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं. पप्पा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. तेवढ्यात आमच्या तिघींचं समुद्राचं ठरलं. मी, राणीसावरगावची शीतल आणि परभणीची सबा. तीन वर्षं एका बाकावर बसलो आम्ही. मी विचारलं तेव्हा पप्पा जेवत होते. ताटातली भाकरी संपवली.

"रोज दिवेलागणीला फोन," मग म्हणाले. "तिघींची तोंडं दिसली पाहिजेत. एक दिवस चुकला तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई. परभणीला बी.एड. कर, रोज जाऊन येऊन."

"आन न्हाई चुकला तर?"

"तर बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'हो'च्या अलीकडचं स्टेशन. मी लगेच बॅग भरायला घेतली.

रिसॉर्टचं गाव

रात्रीची पनवेलची गाडी, तिथून कोकणातली, कुडाळला उतरून एस.टी. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की आईनं आमच्यासोबत पाण्याचा मोठा निळा कॅन दिला होता. "समुद्राजवळचं पाणी खारट असतंय. तुमी काय पिताल?" पूर्णेचं पाणी आम्ही कोकणापर्यंत हातात धरून नेलं. कुडाळच्या स्टँडवर एका माणसानं विचारलं, यात काय आहे? सबा म्हणाली, पाणी. तो माणूस बराच वेळ आमच्याकडे बघत होता.

आम्ही उतरलो त्या गावाचं नाव लिहीत नाही. मोबाईलवर 'कोकण' टाकलं की पहिलं तेच येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुग्यांची, टोप्यांची, चड्ड्यांची दुकानं. दुकानं संपली की समुद्र. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी काहीतरी मोठं वाटून घ्यायची वाट बघत उभी राहिले. तेवढ्यात एकजण येऊन म्हणाला, बनाना राईड करणार का मॅडम? दुसरा म्हणाला, डॉल्फिन दाखवतो. तिसऱ्यानं हातात चायनीजचं कार्ड दिलं. मी म्हटलं, समुद्र तरी बघू द्या की बाबांनो.

आमच्या लॉजच्या शेजारी एक रिसॉर्ट होतं. त्याच्या भिंतीला लागून समुद्र, आणि भिंतीच्या आत पोहायचा तलाव. लोक तलावात डुंबत होते. शीतलला हे काही केल्या पटेना. "एवढा समुद्र भरलाय, आन हे टाकीत बसलेत?" ती भिंतीवरून वाकून वाकून बघायची. आमच्या बाथरूममध्ये मात्र तिनं पहिल्या दिवशी शॉवरखाली बादली ठेवली आणि अंघोळीचं पाणी साठवलं. कशाला, विचारलं तर म्हणाली, असू दे, लागंल. तीन दिवस ती बादली तशीच भरलेली होती.

दिवसा उन्हाचा चटका, संध्याकाळी डीजे. वाळूवर मोठमोठ्या अक्षरात त्या गावाचं नाव उभं केलेलं, त्याच्यापुढं फोटोची रांग. सगळे पुण्या-मुंबईचे. मी मनातल्या मनात त्यांच्या बोलण्याची नक्कल करून बघायची, पुण्यात गेल्यावर जमलं पाहिजे म्हणून. पण मन लागत नव्हतं. वाळूवर बसले की उठावं वाटायचं, उठले की कुठं जावं कळायचं नाही. सबा म्हणायची, "कायकू इत्ता फिरती गे? बैठ ना जरा." ती स्वतः कणीस खात तासन्‌तास बसू शकते. मला तिचा हेवा वाटतो आणि रागही येतो.

दोन्ही दिवस दिवेलागणीला फोन केला. पप्पा स्क्रीनच्या फार जवळ यायचे, त्यामुळे त्यांचा फक्त एक डोळा आणि भुवई दिसायची.

"तिसरी कुठाय?"

सबा कणीस घेऊन पुढं यायची. "सलाम चाचा."

"सलाम. जेवलाव का?" एवढं विचारून फोन बंद. समुद्राबद्दल एक अक्षर नाही. मी कॅमेरा फिरवून लाटा दाखवल्या, तर म्हणाले, "बॅटरी संपंल."

खाडीपलीकडं

तिसऱ्या दिवशी मी दोघींना अक्षरशः ओढून बाहेर काढलं. किनाऱ्यानं चालत चालत दुकानं संपली, मग माणसं संपली, मग एक खाडी लागली. खाडी म्हणजे समुद्राचं पाणी जमिनीत शिरलेलं असतं ती जागा. पण आम्ही पाहिली तेव्हा तिच्यात पाणीच नव्हतं. लांबच लांब ओली वाळू, मधे पिंढरीएवढं पाणी, काठाला चिखलात एक होडी कलंडून पडलेली. पलीकडं नारळाची झाडं आणि चार-दोन कौलं दिसत होती.

आम्हाला हे दृश्य अगदी ओळखीचं वाटलं. उन्हाळ्यात आमच्याकडच्या नद्या अशाच दिसतात. होडी बघून शीतल म्हणाली, "दुष्काळच पडलेला दिसतोय हितंबी."

सबा जरा थांबली. "पानी आया तो?"

"आलं तर आधी भोंगा वाजंल की," शीतल म्हणाली.

आता कोकणातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसून लोळेल. पण शीतलच्या मामाचं गाव गोदावरीच्या काठी. वरच्या धरणातून पाणी सोडायचं असलं की भोंगा वाजतो, गावात दवंडी फिरते, मग नदीपात्रातली म्हशी-माणसं वर येतात. पाणी म्हणजे कुणीतरी सोडल्याशिवाय येत नाही, आणि सोडायच्या आधी सांगतात, हे आम्हाला लहानपणापासून पक्कं माहीत. मीही मान डोलावली. बी.एस्सी. झालेल्या तिघी जणी, चंद्र आणि भरती-ओहोटीवर परीक्षेत उत्तर लिहिलेलं. ते सगळं कागदावर राहिलं. चपला हातात घेतल्या, निळा कॅन पलीकडच्या काठावर एका दगडाशी टेकवला आणि वर चढलो.

ते गाव मला आवडलं. आवडलं म्हणजे किती, तर तिथं मी जवळपास तासभर कुठंही जायचं म्हणाले नाही. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंनी दगडी गडग्यांची कुंपणं, दुपारी सगळी दारं उघडी आणि माणूस दिसत नाही. एका मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आम्ही आईनं दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. मागच्या बाजूला समुद्र होता, आणि त्याच्यावर कुणीही नव्हतं. एक कुत्रं पाण्यात उभं होतं. कुणी काही विकायला आलं नाही. उलट एक म्हातारा जाता जाता म्हणाला, टोप्या घाला पोरींनू, ऊन लागात.

परत खाडीशी आलो तेव्हा सबा पुढं होती. ती थांबली आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, "प्रज्ञा, अपना कॅन तैर रा देख."

पूर्णेचा निळा कॅन पाण्यावर डुलत डुलत आत चालला होता. सकाळी जिथून चाललो तिथं आता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी. चिखलातली कलंडलेली होडी सरळ होऊन तरंगत होती. आणि हे सगळं आवाज न करता झालेलं. मला आधी पाण्याचं भ्यावच वाटलं नाही. मला दिवेलागणीचं भ्याव वाटलं.

मोबाईल काढला. रेंज नाही. शीतलचा, सबाचा, नाही. मी काठाकाठानं धावत सुटले, जणू पुढं कुठंतरी पूल निघेल. करवंदाच्या जाळीत ओढणी अडकली, फाटली. एका घराच्या अंगणात एक बाई बाजेवर कोकमं वाळत घालत बसल्या होत्या. लालभडक हात, कपाळावर घाम.

"खंयसून इलात गे?"

मी एका दमात सांगितलं. परभणी, पूर्णा, फोन, पप्पा, पुणे. त्यांना त्यातलं काय कळलं असेल देव जाणे. त्या म्हणाल्या, काल वारा सुटला तेव्हापासून लाईट नाही, आणि लाईट नाही म्हणजे टॉवर नाही. संध्याकाळची एस.टी. गेली. होडीवाला लग्नाला गेलाय. "सकाळी येतलो तो. आता खंय जातलात? भरती लागली."

"पण भोंगा वाजलाच न्हाई," शीतल म्हणाली. तिला अजूनही ते खरं वाटत नव्हतं.

बाईंना भोंगा काय ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "दर्याक खंयचो भोंगो गे बाय?" मग आत बघून सासूबाईंना तेच ओरडून सांगितलं, आणि आतूनही हसण्याचा आवाज आला.

मला हसू येईना. रडू आलं, तेही रागाचं. स्वतःचाच राग, पण काढला शीतलवर. म्हटलं, तुझ्या भोंग्यापायी माझं पुणं गेलं. ती गरीब बिचारी, बाईंबरोबर कोकमं उचलू लागली. सूर्य समुद्रात चालला होता. लोक हजारो रुपये घालून तो सूर्यास्त बघायला येतात. मी त्याच्याकडे बघून मनात म्हणत होते, थांब की जरा मेल्या. त्यानं ऐकलं नाही. दिवेलागण झाली, काकींनी खरोखरच तुळशीपुढं दिवा लावला, आणि तिकडं पूर्णेत पप्पा फोन हातात धरून बसले असतील हे मला डोळ्यापुढं दिसायला लागलं.

बाईंना आम्ही एव्हाना काकी म्हणायला लागलो होतो. काकींनी विचारलं, आडनाव काय? आमच्या बाजूला या प्रश्नाला शेपूट असतं. म्हणून मी आडनाव नेहमी जरा मोठ्यानंच सांगते, म्हणजे पुढचं जे असेल ते लवकर होऊन जातं. सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. काकींचा पुढचा प्रश्न होता, "मासे खातास मां?"

खाल्ले. बांगड्याचं तिखलं आणि लाल उकडा भात. शीतल माळकरी घरातली, तिला कुळथाची पिठी दिली. तिनं एक घोट घेतला आणि डोळे मोठे केले. "अगं माय, हे तर माडगं हाय. हुलग्याचं माडगं." आमच्याकडं सर्दी झाली की आजी करते तेच. तिला इतकं बरं वाटलं की ती तीन वाट्या प्याली.  मी चारचारदा उठून अंगणात जात होते, मोबाईल वर धरून. काकी म्हणाल्या, बस गे, येरझारा घालून बापूस दिसाचो नाय.

पुन्हा अलीकडं

सकाळी होडीवाला आला. खाडी काठोकाठ भरलेली होती. अलीकडच्या काठाला पाय लागायच्या आधीच माझा फोन थरथरायला लागला. घरचे मिस्ड कॉल खाली खाली सरकवत गेले तरी संपेनात. मी पप्पांना लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"हायस का?"

"हाय पप्पा. आमी तिघी बी हाव. पाणी आलं होतं, आन रेंज..."

"बरं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजामागं खडखड खडखड चाललं होतं. मला वाटलं ड्यूटीवर आहेत.

"तुमी कुठं हाव?"

"पुणं मागं पडलं. पनवेल येईल आता."

 फोन आला नाही म्हणून माझा बाप, ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना रूळ लावून दिले, तो रात्री पास घेऊन गाडीत बसला होता. म्हटलं, आता सगळं नीट आहे, पनवेलला उतरून परत फिरा.

"निघालोच हाव तर येतो," एवढंच म्हणाले.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. रागावतील का, किती, सगळ्यांसमोर की एकटीला गाठून? शर्त मोडली होती. शर्तीच्या बाबतीत पप्पा सिग्नलसारखे, लाल म्हणजे लाल. आम्ही दुपारीच कुडाळला जाऊन बसलो. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. गाडी आली. पप्पा ड्यूटीच्या निळ्या शर्टातच उतरले, हातात आईनं दिलेला डबा. आम्हाला तिघींना एकदा ओळीनं बघितलं, बोटानं मोजल्यासारखं.

"कुठं आलं होतं पाणी?" म्हणाले. "दाव."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा होडीनं काकींकडे. रिसॉर्टवरून जाताना पप्पांनी तलावाकडं, अक्षरांकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. काकींच्या अंगणात निळा कॅन उभा होता. खाडीत वरच्या बाजूला कुणाच्या तरी बांधाला अडकलेला, काकींनी आणून धुऊन ठेवला होता. पप्पांनी तो उचलून झाकण घट्ट आहे का बघितलं. जेवायला पिठी होती. काकींनी भोंग्याची गोष्ट पप्पांना पहिल्यापासून सांगितली आणि पुन्हा तेवढ्याच हसल्या. पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडं वाजतो वो भोंगा."

दुपारी खाडी रिकामी झाली. पप्पा काठावर दगडावर जाऊन बसले. मी मागं उभी. मला बसवेना. मी चपलेनं वाळू उकरत राहिले. मग वाळूतल्या मधल्या पाण्याची धार उलटी वळली. आधी वाटलं भास आहे. पण एक काटकी समुद्राकडून आत चालली होती. पाणी घोट्याएवढं झालं, पिंढरीएवढं झालं. होडी हळूहळू सरळ झाली. पप्पा उठून उभे राहिले.

"रोज याच टायमाला येतंय?" त्यांनी मागून आलेल्या काकींना विचारलं.

"नाय हो. आज इली त्यापरास उद्या पाऊण तास उशिरान."

"म्हंजी रोज लेट," पप्पा म्हणाले. "पर किती लेट, ते ठरल्यालं हाय."  "ना भोंगा, ना झेंडी. तरी बरोबर येतंय."

मग त्यांनी बूट काढले, मोजे त्यात कोंबले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाण्यात जाऊन उभे राहिले. मी त्यांना कधीच काम नसताना उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. सबानं फोटो काढला. त्यात ते जरा अवघडलेले दिसतात, हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखे.

परतीच्या गाडीत पप्पा खिडकीशी. पुण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मला काढायची हिंमत नव्हती. शीतल आणि सबा वरच्या बर्थवर झोपल्या. मी दारात जायची, परत यायची, पाणी प्यायची, पुन्हा दारात. शेजारची बाई म्हणाली, तब्येत बरी नाही का मुलीची? पप्पा म्हणाले, "तिचं असंच ऱ्हातंय."

पुणं आलं. गाडी थांबली. फलाटावर गर्दी, चहावाले, पाठीला बॅगा लावलेल्या माझ्याएवढ्या मुली. मी मुद्दाम दुसरीकडं बघत बसले. पप्पा मात्र खिडकीच्या गजाला कपाळ लावून त्या मुलींकडं, पुलाकडं, पाट्यांकडं बघत होते. गाडी हलली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले,

"हितून समुद्र किती लांब पडतो?"

"रात्री बसलं की सकाळी तिथं."

त्यांनी मान हलवली. जरा वेळानं डबा उघडला, काकींनी बांधून दिलेली तांदळाची भाकरी दोन तुकडे करून एक माझ्यापुढं धरला.

"मंग ठीक हाय," म्हणाले. "तू हितं ऱ्हायलीस की तुझ्याकडं उतरत जाईन. दर बारी पूर्णेहून एका दमात जायला लय लांब पडतंय."

मी भाकरी घेतली. पूर्णा येईपर्यंत जागेवरून उठले नाही.